बाबांना नावेत बसवायचं होतं

रिसॉर्टच्या ऑफिसात भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्यावर निळ्या पेनानं चार सफरी लिहिल्या होत्या. सकाळी सहाला आणि सातला डॉल्फिन, स्पीडबोटीतून. नऊला किल्ला. अकराला खाडी आणि कांदळवन. संध्याकाळी सूर्यास्त. खाली बारीक अक्षरात सूचना होती, की उद्याची नावं आज सहाच्या आत वहीत लिहावीत. मी तो फळा तीनदा वाचला. आमच्या घरात लिहिलेलं काही समोर आलं की ते वाचून ठरवायचं काम माझं. मी दहावीत असल्यापासूनचं. रेशनकार्ड, विजेचं बिल, आईच्या मोतीबिंदूचे कागद, सगळं माझ्या हातून गेलं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पण त्या दिवशी मला नुसती चांगली सफर निवडायची नव्हती. मला बाबांना नावेत बसवायचं होतं. बसवायचं म्हणजे खरोखर खाली बसवायचं, पाठ टेकून, हात मोकळे ठेवून.

हे नीट सांगायला हवं. आम्ही भोई. दिग्रसकडे जाताना नदीच्या अलीकडच्या काठाला आमचं गाव आणि पलीकडच्या काठाला एसटीचा फाटा. मधे बाबांचा डोंगा. पावसाळा लागला की होळीच्या आसपासपर्यंत नदीला पाणी असायचं, आणि तोवर गावातून जो कोणी बाहेर गेला तो बाबांच्या डोंग्यातून गेला. कापसाची गाठोडी, सासरी निघालेल्या पोरी, बाळंतिणी, मतदानाच्या पेट्या, शाळेचे गुरुजी, शेळ्या. उन्हाळ्यात नदी आटली की त्याच वाळूत आम्ही टरबुजाची वाडी लावायचो. उतराई, म्हणजे पलीकडं नेण्याचा मोबदला, गावातलं कोणी रोजच्या रोज देत नसे. सुगीला घरटी एक पायली ज्वारी यायची. ज्या घरून आली नाही, त्या घरच्या माणसांनाही बाबा उतरवायचेच.

लहानपणापासून बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरापर्यंत मी त्या डोंग्यात बसले आणि एकदाही बाबांना बसलेलं पाहिलं नाही. नावाडी उभाच असतो. मागच्या टोकाला, हातात बांबू, नजर पाण्यावर. पहिल्या खेपेपासून शेवटच्या खेपेपर्यंत. घरी आले की आई त्यांच्या पोटऱ्यांना एरंडेल चोळायची आणि म्हणायची, "साऱ्या गावाले बसवता, तुमाले कोणी बसवत नाही."

मग पूल झाला. चांगला झाला, मी पुलाच्या विरोधात नाही. उद्घाटनाला मंडप होता, आम्ही सगळे गेलो होतो. माईकवर एक पाहुणे म्हणाले की या गावानं इतकी वर्षं डोंग्यातून ये-जा करण्याचे हाल सोसले, आजपासून ते हाल संपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. घरी येताना एवढंच आईला म्हणाले, "हाल झाले म्हणते व लोकायचे."

"त्याले काय मालूम," आई म्हणाली. "थो गाडीत आलता."

विषय तिथं संपला. माझ्या मनातून मात्र तो शब्द गेला नाही. डोंगा बाभळीखाली पालथा पडला, बाबांचे गुडघे दुखायला लागले, आणि मी यवतमाळला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथं बाटल्या हलवता हलवता मी ठरवून टाकलं, की ज्या माणसानं सगळ्यांना नेलं त्याला एकदा कोणीतरी नेलं पाहिजे. चांगल्या, मोठ्या नावेतून. इज्जतीनं. आमच्या नदीवर तर आता ते होणं नव्हतं. मग समुद्र.

दोन दिवस, तीन गाड्या बदलत आम्ही कोकणात पोचलो. रिसॉर्ट म्हणजे माडाच्या वाडीतल्या सहा खोल्या. दारात उभं राहिलं की समोर समुद्र. भर दुपार होती आणि पाणी माडांच्या बुंध्याजवळ आलेलं. आई चप्पल हातात घेऊन उभी राहिली. बाबा पुढं गेले, वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"खारं असते म्हणून मालूम नवतं का तुमाले?" आई म्हणाली.

"ऐकलतं. ऐकलेलं आन चाखलेलं एक असते काय?"

संध्याकाळी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो तर पाणी पार मागं गेलं होतं आणि ओल्या वाळूवर खेकड्यांची भोकंच भोकं. बाबांनी माडाच्या बुंध्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "दुपारी तठपर्यंत होतं ना व?"

मी त्यांना चंद्राचं सांगितलं. चंद्र पाणी ओढतो, म्हणून भरती येते, मग ओहोटी. दिवसातून दोन-दोनदा. घरी मी आमचंच बोलते, तसंच सांगितलं.

"चंद्र वढते?"

"हाव."

"मंग आपल्या नदीले काहून नाही वढत?"

"नदी लहान असते, बाबा."

त्यांनी मान हलवली. शिकलेल्या लेकीनं सांगितलं म्हणजे असेल, अशी ती मान होती. मी पण पुढं काही बोलले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी ते माझ्या अंगावर आलं.

तर त्याच संध्याकाळी आम्ही तिघं त्या फळ्यासमोर उभे होतो. ऑफिसातली मुलगी वही उघडून वाट पाहत होती.

"डॉल्फिन म्हणजे मासाच ना?" आईनं विचारलं. "मासे पाह्याले इतक्या दूर आणलं काय मले? जिनगीभर मासेच साफ केले."

"मासा नसते थो, आई. आपल्यासारखा श्वास घेते."

"मंग पाहाच लागन. आपल्यासारखं कोणी पाण्यात राह्यते म्हणते हे."

बाबांनी डॉल्फिनबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नाव कोणती हाय?"

मुलीनं फोटो दाखवला. पांढरीशुभ्र स्पीडबोट, निळ्या गाद्या, पाठ टेकायला जागा, भगव्या रंगाची जाकिटं. मला हवं होतं तेच. मी डोळ्यासमोर बाबांना त्या निळ्या गादीवर बसवूनही टाकलं.

"चालवते कोण?" बाबा म्हणाले.

"असन कोणीतरी."

"तुवं पाह्यला नाही?"

"बाबा, फळ्यावर थे लिहीत नसतेत."

मी वहीत तीन नावं लिहिली, वळणदार, आणि बाबांचं सगळ्यात वर.

सकाळी जाग आली तेव्हा बाबा खोलीत नव्हते. आई केस विंचरत होती. "पाण्याकडं गेले असन," ती म्हणाली. "दुसरं कुठी जाते थे. लग्न झालं तवापासून मी हेच सांगून राह्यली लोकायले."

पावणेसातला ते आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, हातात माडाच्या झावळीचं एक वाळकं पातं. पायरीवर उभं राहून म्हणाले, "मी नाही बसत त्या बोटीत."

"काहून?"

"पाह्यलं मी. पह्यली बोट निघून राह्यली होती. लोक चढले आन मन आलं तिथं बसले. एका बाजूले चार वजनदार माणसं, दुसऱ्या बाजूले दोन लेकरं. आन चालवणारा फोन पाहून राह्यला. कोण कुठी बसलं, त्याले काहीच नाही."

"बाबा, इंजिनच्या बोटीले तेवढं काही लागत नाही. जाकीट घालतेत ना सारे."

"असन."

"मंग?"

"जो माणसं बसवत नाही, त्याच्या नावेत मी पाय ठेवत नाही."

हे वाक्य दुसऱ्या कोणाला विचित्र वाटेल. मला वाटू शकत नव्हतं, कारण मी त्याच शिस्तीत वाढले. आमच्या डोंग्यात कोणी आपल्या मनानं बसत नसे. आधी गाठोडी मधे, पायाशी. जड माणसं गाठोड्यांच्या दोन्ही अंगाला, सारखी. बाळंतीण किंवा म्हातारं माणूस पुढच्या फळीवर, तिथं पाणी उडत नाही. ज्यांचं आपसात पटत नाही त्यांना पाठीला पाठ लावून. बाबा बोट दाखवायचे आणि माणूस तिथं बसायचा, मग तो सरपंच असो नाहीतर दारू पिऊन आलेला त्याचा भाऊ. सगळे बसले, एकदा सगळ्यांवरून नजर फिरली, की मगच बांबू पाण्यात.

हे सगळं माहीत असूनही मला राग आला. "मी वाचून ठरवलं, बाबा. तीनदा वाचलं. इतक्या दूर तुमच्यासाठी आली मी."

"आली नाही, आणलं," आई मधेच म्हणाली. "मले मळमळून राह्यलं अजून."

बाबा पायरीवर टेकले नाहीत, उभेच राहिले. "तुवं वाचलं थे बराबर असन, माय. पण नाव कोण चालवते, थे त्यात लिहिलं नवतं ना."

मी ऑफिसात जाऊन आमची नावं काटली. सात वाजता ती पांढरी बोट आमच्याशिवाय गेली. मी वाळूत बसून तिच्यामागची फेसाची रेघ पाहिली. रडले नाही, पण नाक लाल झालं होतं, कारण चहा घेऊन आलेल्या आईनं पदर पुढं केला.

न्याहारी झाली. बाबांनी दोन घावणे जास्त खाल्ले. मग दुपट्टा खांद्यावर टाकून म्हणाले, "चाला. एक नाव पाहून ठेवली मी."

रिसॉर्टपासून पाव तास चालल्यावर समुद्र डाव्या हाताला राहिला आणि उजवीकडच्या डोंगरातून आलेली खाडी लागली. जाळी वाळत घातलेली, पाण्यात उतरणाऱ्या चार दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांना लागलेली एक लाकडी होडी. तेल पिऊन काळी झालेली, सपाट बुडाची. पलीकडच्या गावात बाजार होता आणि अलीकडची माणसं या होडीनं तिकडं जात. तिकडं अशा उताराच्या होडीला 'तर' म्हणतात, हे मला नंतर कळलं. रिसॉर्टच्या फळ्यावर ती नव्हती. सफर नव्हतीच ती. दहा मिनिटांचं पलीकडं जाणं.

मी थांबले. इतक्या लांबून, तीन गाड्या बदलून, आम्ही आमच्याच घाटावर आलो होतो.

"बाबा, हे त आपल्या डोंग्यासारखंच हाय."

"हाव," बाबा खुश होऊन म्हणाले. "पाह्य, कसा बसवते थो."

होडीवाला बाबांच्याच वयाचा. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल. मासे विकणारी एक बाई टोपली घेऊन आली, तिला त्यानं पुढं पाठवलं. एक जण सायकल घेऊन आला, ती मधे आडवी. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली कडेला बसल्या होत्या, त्यांना नुसतं 'हं' म्हणून मधे सरकवलं. आईला त्यानं फळीचं कोरडं टोक दिलं. मला सायकलीच्या अलीकडे. मग बाबांकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत एकदा, आणि म्हणाला, "तुमी मागे येवा. माझ्याकडे."

बाबा मागं गेले. आणि उभे राहिले.

"बाबा, बसा," मी म्हणाले.

"हाव, बसतो."

बसले नाहीत.

"खंयचे पावणे?" होडीवाल्यानं विचारलं.

"यवतमाळकडचे."

"थंय समुद्र नाय मा?"

"नदी हाय. मी डोंगा चालवत होतो तठी."

तो हसला. "ता माका तुमच्या पायांवरसून कळला."

आमच्याकडे एक रीत आहे. एक नावाडी दुसऱ्याच्या नावेत चढला तर नुसता बसून जात नाही. थोडं का होईना, बांबूला हात लावतो. तीच त्याची उतराई. बाबांनी हात पुढं केला. काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या माणसानं एकदा होडीतल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बांबू बाबांच्या हातात दिला.

खरं सांगायचं तर माझ्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. बांबू हातात येताच बाबांचे खांदे मागं गेले, मान वर झाली, गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कोण जाणे. ते पाहून मी सुखावले. आणि त्याच वेळी वाटलं, आणलं कशासाठी आणि झालं काय. इथंही हा माणूस उभाच.

बाबांनी पायरीला बांबू टेकवून होडी सोडली.

नदीत डोंगा सरळ नेत नाहीत. समोरचा घाट गाठायचा तर डोंग्याचं नाक घाटाच्या वरच्या अंगाला धरायचं, जिकडून पाणी येतं तिकडं. धार डोंग्याला खाली ढकलत आणते आणि तो बरोबर घाटाला लागतो. किती वर धरायचं, हे पाण्याच्या जोरावर. बाबांनी पहाटेच इथं येऊन हिशेब केला होता. झावळीचं ते पातं पाण्यात टाकून पाहिलं होतं. पातं डोंगराकडून समुद्राकडे, उजवीकडून डावीकडे गेलं होतं. नदीचं पाणी असतं तसंच. म्हणून आता त्यांनी होडीचं नाक उजवीकडे धरलं आणि निवांत बांबू टाकायला लागले.

होडी उजवीकडे गेली. जात राहिली. डावीकडे यायचं नावच घेईना. बाबांनी बांबूची बाजू बदलली, जोर लावला. समोरच्या पायऱ्या डाव्या हाताला मागं पडल्या आणि आमच्यासमोर कांदळवन आलं, चिखलातून वर आलेली मुळं, त्यावर एक पांढरा बगळा. शाळेच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

मासेवाली मागं वळून म्हणाली, "काय ओ पावण्यानू, बाजार थंय आसा. हंय बगळेच आसत."

मी बाबांकडे पाहिलं. मी त्यांना पुरात डोंगा घालताना पाहिलं होतं. एका बाळंतिणीला घेऊन, नदीला लाल पाणी असताना, त्यांनी डोंगा घाटाच्या त्याच दगडाला लावला होता. या माणसाचा घाट कधी चुकला नव्हता. माझ्यासमोर नाही, कोणासमोरच नाही.

"पाणी उलटं चाललं," बाबा म्हणाले. हळूच, स्वतःशी.

"भरती लागली हा," होडीवाला म्हणाला. "आता पाणी समुद्राकडसून आत चढता. सकाळी तुमी बघलास ती सुकती." सुकती म्हणजे त्यांची ओहोटी.

काल संध्याकाळी चंद्राचं व्याख्यान मी दिलं होतं. दिवसातून दोनदा, हे मीच सांगितलं होतं. समुद्र चढला तर त्याला लागलेल्या खाडीतही पाणी उलटं शिरेल, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पातं टाकून पाहायचं तर त्याहून नाही. माझ्या पदवीला काही दोष नाही, दोष माझा.

आणि मला भीती वाटली. ज्या माणसाला इज्जतीनं नावेत बसवायला आणलं, त्याचं मी परक्या लोकांत हसं केलं होतं.

बाबांनी बांबू पाण्यातून वर काढला. दुपट्ट्यानं पुसला. दोन्ही हातांनी त्या माणसापुढं धरला आणि म्हणाले, "मले माहीत नवतं. सांगा."

आणि खाली बसले.

होडीच्या मागच्या फळीवर, त्या माणसाच्या पायाशी, गुडघे जवळ घेऊन. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग फळीला धरलं, मग पुन्हा मांडीवर. होडीवाला होडी वळवू लागला आणि बाबा विचारू लागले. भरती किती वेळ चालते? रोज त्याच वेळेला येते का? पुढं सरकते, म्हणजे किती? अमावस्येला जोर जास्त का? मधे पाणी थांबते का, आणि थांबलं हे कशावरून कळते? होडीवाला एकेकाचं उत्तर देत होता, घाई न करता. कांदळाच्या मुळांवरची ओली रेघ दाखवत होता. बाबा प्रत्येक उत्तर एकदा हलक्या आवाजात परत म्हणत होते.

मला कॉलेजचा पहिला महिना आठवला. केमिस्ट्रीचा तास. सर फळाभर लिहायचे आणि विचारायचे, "कळलं का?" सगळा वर्ग हो म्हणायचा. मीही म्हणायचे. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. महिन्याभरानं एका संध्याकाळी डोंग्यात मी एकटीच होते. मी बाबांना सांगितलं की मी उद्यापासून जात नाही, मला त्यातलं काही समजत नाही. बाबांनी विचारलं, "त्यायले सांगतलं का, समजत नाही म्हणून?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर कसं सांगायचं, लाज वाटते. त्यांनी दोनदा बांबू टाकला. मग म्हणाले, "डोंग्यात पाणी शिरून राह्यलं आन पाह्यणारा लाजून बोललाच नाही, त सारेच बुडतेत. हात वर कर."

दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. सगळा वर्ग वळून पाहायला लागला. सरांनी तेच पुन्हा, सुरुवातीपासून शिकवलं, आणि मी पाहिलं तर अर्धा वर्ग खाली मान घालून भराभर लिहीत होता. माझी पदवी त्या वर केलेल्या हातातून आली. पण तो हात वर केला तेव्हा माझं वय सतरा होतं आणि माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. बाबांचं अख्खं आयुष्य पाण्यावर गेलेलं, आणि ते चार-पाच परक्या माणसांत, बायको-लेकीच्या देखत म्हणाले, मला माहीत नव्हतं, सांगा.

मी आजवर कोणाला माझी गुणपत्रिका दाखवताना ताठ बसले नसेन, तितकी त्या सायकलीशेजारी बसले होते.

मग प्रश्न संपले. होडी मधोमध आली होती. बाबा आईकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग त्या शाळेच्या मुलींकडे.

"काय पाहून राह्यले?" आईनं विचारलं.

"तोंडं," बाबा म्हणाले. "उभ्यानं कधी दिसलीच नाहीत. नुसते डोकेच दिसत होते. डोके आन गाठोडे."

"मंग आता पाहून घ्या नीट. घरी तुमाले टाइम नसते."

तेव्हा मी फोटो काढला.

बाजारात आम्ही दिवसभर फिरलो. आईनं सुकी मासळी हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवली, सात दुकानांत. एका खानावळीत जेवलो. "चव हाय," तिनं निकाल दिला, "पण तिखट घालाले विसरले." चार वाजता परत पायऱ्यांवर आलो. तोच होडीवाला, आणि रिकामी टोपली घेतलेली तीच मासेवाली.

बाबा लगेच चढले नाहीत. काठावरचं एक पान उचललं, पाण्यात टाकलं आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. पान समुद्राकडे निघालं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कांदळाच्या मुळांपाशी जाऊन वाकून ओली रेघ पाहिली. पाणी रेघेखाली गेलं होतं.

"मगे? आता कसा?" होडीवाल्यानं परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"सुकती," बाबा म्हणाले. त्यांचाच शब्द. "आता नाक वरच्या अंगाले. आमच्या नदीसारखं."

त्यानं बांबू पुढं केला. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मनात बाळगलेलं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "बसलो ना मी जाताना. आता उतराई देऊ दे."

मी म्हटलं, "द्या."

होडी सुटली. नाक आता डावीकडे, डोंगराकडे. मधोमध आल्यावर पाण्यानं तिला अलगद उजवीकडे घेतलं. बाबांनी तीनदा बांबू टाकला असेल, जास्त नाही. होडी पायऱ्यांच्या दगडाला लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मासेवाली टोपली घेऊन उतरली आणि तिचे पाय कोरडे होते. तिनं बाबांकडे पाहून मान हलवली, आणि सकाळच्या बगळ्यांची फिटंफाट झाली असं मी समजले.

होडीवाल्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही.

रिसॉर्टवर आल्यावर ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, उद्या कोणती सफर लिहू. मी फळ्याकडे पाहिलंही नाही. म्हटलं, "आमची ठरली आहे." उरलेले दोन दिवस आम्ही त्याच होडीनं गेलो-आलो. जाताना बाबा बसायचे, येताना उभे राहायचे. बसल्यावर हात कुठं ठेवायचे हे त्यांना दुसऱ्या दिवशी जमलं.

गावात परत आल्यावर पानठेल्यावर लोकांनी विचारलं, डॉल्फिन पाहिले का. बाबा म्हणाले, "नाही. भरती पाह्यली." आणि त्यांनी गोष्ट सुरू केली ती आपल्या चुकीपासूनच. नाक कुठं धरलं, होडी कुठं गेली, मासेवाली काय म्हणाली. एक जण म्हणाला, "काका, तुमचा घाट चुकला म्हणता?"

"चुकला," बाबा म्हणाले. "पाणी उलटं आलतं. तू गेलतास काय कधी उलट्या पाण्यात?"



मी यवतमाळहून दोन फोटो मोठे करून आणले. एकात बाबा मागच्या टोकाला उभे आहेत, बांबू हातात, मागं संध्याकाळची खाडी. फोटो म्हणून तोच चांगला आला होता. दुसऱ्यात ते फळीवर बसलेले, गुडघे जवळ, हात मधेच कुठंतरी, आणि तोंड असं की नुकतंच कोणी काहीतरी सांगितलं आहे आणि ते लक्षात ठेवत आहेत. फ्रेम एकच होती. मी उभा फोटो तीत घालायला लागले तर बाबांनी हात धरला.

"हा नको," ते म्हणाले. "असा त मले साऱ्या गावानं पाह्यला हाय. बसलेला लाव."